शाळेतल्या मुलामुलींचा आरोग्य अभ्यास : पहिलं माप घेण्याआधीपासून शेवटच्या पालकापर्यंत

जुलै लागला की नागपुरातल्या मेडिकल, नर्सिंग, होम सायन्स आणि समाजकार्याच्या कॉलेजांमधली मुलं शाळांच्या दिशेने निघतात. कुणाचा विषय रक्तदाब, कुणाचा ॲनिमिया, कुणाचा मोबाइल आणि झोप. फेब्रुवारीत तीच मुलं गठ्ठे घेऊन माझ्यासमोर बसतात आणि तेव्हा कळतं की निम्मे फॉर्म वापरता येणार नाहीत. चुका दर वर्षी त्याच असतात, आणि त्यातल्या बहुतेक पहिल्या मुलाला हात लावण्याआधीच झालेल्या असतात. म्हणून हे क्रमाने लिहिते आहे. १० ते १९ वयोगट डोळ्यांसमोर ठेवला आहे. पुढे जन्मभर सोबत राहणाऱ्या बऱ्याच दुखण्यांची सुरुवात याच वयात होते आणि याच वयात ती थोपवताही येते.

टप्पा १ : प्रश्न एका वाक्यात लिहा आणि ‘निघालं तर काय?’ हे त्याच्या शेजारी

‘किशोरवयीनांच्या आरोग्याचा अभ्यास’ हा प्रश्न नव्हे. ‘नागपूर शहरातल्या आठवी-नववीच्या मुलामुलींत वाढलेल्या रक्तदाबाचं प्रमाण किती?’ हा प्रश्न. कोण, कुठे, काय, या तिन्ही गोष्टी वाक्यात आल्या पाहिजेत.

त्यानंतर एका कोऱ्या कागदावर तीन रकाने पाडा. डावीकडे मोजायची गोष्ट, मधे कोणत्या आकड्याला बिघाड म्हणायचं, उजवीकडे बिघाड निघालेलं मूल कुठे, कुणाकडे आणि किती दिवसांत जाणार. उजवा रकाना भरता येत नसेल तर डावीकडची ओळ खोडा.

हे मी स्वतः चुकून शिकले. एका शाळेत आम्ही रक्तदाब आणि वजन मोजायला गेलो होतो. दृष्टी तपासायचा तक्ता बॅगेत होता, म्हणून जाता जाता डोळेही तपासले. फळ्यावरचं दिसत नाही अशी कितीतरी मुलं निघाली. आम्ही आकडे लिहून घेतले आणि निघून आलो, कारण चष्म्याची सोय आमच्या अभ्यासात नव्हती. पुढच्या वर्षी दुसऱ्या कामाने त्याच शाळेत गेले, तर सातवीची एक मुलगी धावत आली. “मॅडम, माझा चष्मा आणला का?” ती वर्षभर वाट बघत होती. तिला काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही. तेव्हापासून हा तीन रकान्यांचा कागद भरल्याशिवाय मी कुणाच्या सिनॉप्सिसवर, म्हणजे अभ्यासाच्या प्रस्तावावर, सही करत नाही.

उजवा रकाना भरायला सरकारी वाटा आहेत, त्या आधी माहीत करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. तो १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, त्याची पथकं शाळांमध्ये जातात आणि पुढे पाठवायची साखळी ठरलेली असते. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक असतात. मानसिक त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, लहान मुलांवरच्या संकटासाठी १०९८. शिवाय मेडिकल, मेयो किंवा एम्स या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांच्या ज्या विभागात मुलं पाठवणार, तिथल्या डॉक्टरांना आधी भेटून ओपीडीचा वार आणि खोली ठरवून घ्या. ‘मेडिकलला दाखवा’ एवढं लिहिलेली चिठ्ठी हातात दिली की रोजंदारीवर जाणारा बाप एक दिवसाची मजुरी बुडवून येतो, चुकीच्या रांगेत उभा राहतो आणि परत फिरतो.

*तपासा : तीन रकान्यांच्या कागदावर एकही कोरी चौकट नाही ना?*

टप्पा २ : नागपूरचं कॅलेंडर समोर ठेवा

विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. पहिले दोन-तीन आठवडे प्रवेश आणि पुस्तकं यात जातात, पट स्थिर नसतो. त्या काळात यादी घेतली तर ती ऑगस्टमध्ये जुळणार नाही. कामाचा पहिला तुकडा जुलैच्या मध्यापासून पोळ्यापर्यंतचा. पोळा, तान्हा पोळा, मारबत, मग गणपती आणि दसरा, या दिवसांत हजेरी पातळ असते. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, त्या आठवड्यात शहरात गाडी हलत नाही. दुसरा तुकडा दिवाळीनंतरचा, जानेवारीअखेरपर्यंत. त्यातही डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असतं, शिक्षण आणि आरोग्य खात्याचे अधिकारी तिकडे गुंतलेले असतात, त्यामुळे सह्या नोव्हेंबरातच उरकून घ्या. स्नेहसंमेलनाच्या तारखा शाळेला विचारा. दहावीचा वर्ग जानेवारीनंतर मागू नका. मार्चच्या पुढे काम ढकलण्याचा विचारच नको. सकाळच्या शाळा, रिकामे वर्ग, आणि उन्हात आलेल्या मुलाच्या वजनावर आणि रक्तदाबावर विसंबता येत नाही.

१० फेब्रुवारीचा जंतनाशक दिवस आणि आठवड्याची लोहाची निळी गोळी यांचीही नोंद ठेवा. हिमोग्लोबिन मोजणार असाल तर शाळेत गोळ्या शेवटच्या कधी वाटल्या, हे शिक्षकांना विचारून फॉर्मवर लिहा. एका शाळेत गोळ्या नियमित, दुसरीत चार महिने आल्याच नाहीत, आणि तुम्ही दोन्ही शाळांतल्या मुलींची तुलना करून जेवणाला दोष देताय, असं व्हायला नको.

टप्पा ३ : परवानग्यांचा क्रम

इथे सगळे एका चक्रात अडकतात. एथिक्स कमिटी, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणारी समिती, म्हणते शाळेचं पत्र आणा, शाळा म्हणते कमिटीचं पत्र आणा. सोडवण्याचा मार्ग असा :

१. विभागात प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा लेखी आराखडा, वाचून घ्या, दुरुस्त्या करा.
२. महापालिकेच्या शाळा असतील तर मनपाच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे, ग्रामीण भाग असेल तर जिल्हा परिषदेच्या प्राथमिक किंवा माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. रामटेक-पारशिवनीकडच्या आश्रमशाळा असतील तर आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयात. ‘एथिक्स कमिटीच्या मंजुरीच्या अधीन राहून तत्त्वतः संमती’ असे शब्द पत्रात मागून घ्या.
३. ते पत्र जोडून एथिक्स कमिटीकडे जा. कमिटी आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे याची खात्री करा.
४. कमिटीची मंजुरी घेऊन शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा.

गोळी, आहार, व्यायाम, समुपदेशन असं काही देऊन त्याचा परिणाम बघणार असाल तर तो हस्तक्षेपाचा अभ्यास झाला. मग पहिलं मूल घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे अशा चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी करावी लागते. एप्रिल २०१८ पासून तिथे मागच्या तारखेची नोंदणी होत नाही.

*सावधान : मंजुरीचं पत्र हातात येण्याआधी ‘फक्त पायलट’, म्हणजे रंगीत तालीम, म्हणून घेतलेली वीस मुलंही नियमबाह्य आहेत. झालेल्या कामाला कमिटी नंतर मंजुरी देत नाही.*

टप्पा ४ : शाळा आणि मुलं निवडणं

ओळखीच्या मुख्याध्यापकांची शाळा हा नमुना नव्हे. धरमपेठेतली विनाअनुदानित शाळा आणि आसीनगरातली मनपाची शाळा यांतल्या मुलांचा डबा, मैदान आणि घरी झोपायची जागा वेगळी असते. मनपाचे दहा झोन आहेत. यू-डायस क्रमांकासह (प्रत्येक शाळेचा सरकारी क्रमांक) शाळांची यादी शिक्षण विभागाकडून घ्या, झोन आणि शाळेचा प्रकार यांनुसार वेगळी करा, मग चिठ्ठ्या टाकून किंवा यादृच्छिक अंकांनी शाळा काढा. ज्या शाळेने नकार दिला तिचीही नोंद ठेवा.

आकडा किती हवा, यात दोन चुका कायम दिसतात. समजा प्रमाण ५० टक्के धरलं आणि ५ टक्क्यांची चूक चालणार आहे. नेहमीच्या सूत्राने ४ गुणिले ५० गुणिले ५०, भागिले २५, म्हणजे ४००. बरेच जण इथे थांबतात. पण तुम्ही मुलं एकेकटी निवडत नाही, अख्खे वर्ग घेता. एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात, म्हणून डिझाइन इफेक्ट लावावा लागतो, म्हणजे आकडा काही पटीने वाढवावा लागतो. तो २ धरला तर ८००. दुसरी चूक गैरहजर मुलांची. १० टक्के गळती धरायची तर ८०० मध्ये ८० मिळवायचे नसतात, ८०० ला ०.९ ने भागायचं असतं. उत्तर ८८९ येतं.

गैरहजर मुलांसाठी दुसरा फेरा ठेवा. सतत गैरहजर राहणारं मूल बहुधा तेच असतं ज्याची तब्येत तुम्हाला बघायची आहे.

टप्पा ५ : संमती

सगळ्यांत जास्त अभ्यास इथे बुडतात, म्हणून सावकाश वाचा.

मुख्याध्यापकांची सही ही पालकांची संमती नाही. शाळेत शिरायची ती परवानगी. प्रत्येक मुलासाठी पालकाची वेगळी लेखी संमती लागते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार धोका अगदी किरकोळ असेल तर एका पालकाची सही पुरते. त्यावर मुलाची स्वतःची संमती. ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी, पालकासमोर. १२ ते १८ ची लेखी, त्याला समजेल अशा भाषेत. पालकांनी हो म्हटलं आणि मूल नाही म्हणालं तर त्याला घ्यायचं नाही, शिक्षकांना त्याची समजूत काढायला सांगायचं नाही, आणि त्याला वर्गाबाहेर एकट्याने उभंही करायचं नाही.

‘फॉर्म परत आला नाही म्हणजे पालकांची हरकत नाही’ असं धरता येत नाही. एथिक्स कमिटीने स्पष्ट तशी सूट दिली असेल तरच.

आता प्रत्यक्षात काय होतं ते. फॉर्म मुलांच्या हाती घरी पाठवायचे आणि दुसऱ्या दिवशी गोळा करायचे, ही सर्वांची पद्धत. आम्ही एकदा असेच गोळा केले. एका वर्गातून ३८ आले. रात्री चाळत असताना लक्षात आलं की नऊ फॉर्मवर वळणदार ‘र’ अगदी एकसारखा होता, पेन तोच, आणि सही जिथे संपते तिथली रेघसुद्धा तीच. मधल्या सुट्टीत एका मुलीने मैत्रिणींच्या आईवडिलांच्या सह्या ठोकल्या होत्या. तिची चूक नव्हती. बाईंनी सांगितलं होतं, उद्या सगळ्यांचे फॉर्म आलेच पाहिजेत. तो वर्ग आम्हाला पुन्हा पहिल्यापासून करावा लागला.

म्हणून हे करा :

– पालक सभा असेल त्याच दिवशी समोर बसून समजावून सांगा. आठवडी सुट्टीचा किंवा पगाराचा दिवस विचारून सभा ठेवली तर बाप येतो, एरवी फक्त आई येते.
– फॉर्म मराठीत, हिंदीत आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दूत. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी फॉर्म पुरेल असं समजू नका, शाळा इंग्रजी असली तरी घर मराठी किंवा हिंदी असतं.
– लिहिता-वाचता न येणाऱ्या पालकाचा अंगठा घेताना अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. वर्गशिक्षक शक्यतो नको, त्यांच्यासमोर पालक नाही म्हणत नाहीत.
– दहापैकी एका पालकाला फोन करून विचारा की सही तुम्हीच केली ना.
– रक्त काढणार असाल तर किती, कुठून आणि उरलेल्या रक्ताचं काय होणार, हे लिहा. ‘नियमित आरोग्य तपासणी’ या गोंडस शब्दांखाली संशोधन लपवू नका.

*तपासा : पालकाची सही, मुलाची संमती आणि तारीख, तिन्ही असलेल्याच मुलांची नावं दिवसाच्या यादीत आहेत का?*

टप्पा ६ : प्रश्नावली नागपूरच्या तोंडात बसवा

बाहेरून आणलेली प्रश्नावली शब्दशः उतरवली की उत्तरं खोटी येतात, आणि मुलं खोटं बोलत नसतात. माझ्यासमोर घडलेलं एक सांगते. इंटर्नने नववीतल्या मुलाला विचारलं, “तंबाखू खातोस का?”

“नाही खात, सर.”

खिशातून पन्नीची गाठ मारलेली पुडी डोकावत होती. मी विचारलं, “आणि खर्रा?”

“खर्रा खातो ना. तंबाखू नाही खात.”

त्याच्या लेखी खर्रा वेगळा आणि तंबाखू वेगळी. खर्ऱ्यात सुपारी, चुना आणि तंबाखूच घोटलेली असते, पण घरीदारी कुणी तिला त्या नावाने हाक मारत नाही. तुमच्या फॉर्मवर हा मुलगा ‘तंबाखूमुक्त’ म्हणून गेला असता. तेव्हा नावं घेऊन विचारा : खर्रा, गुटखा, सुगंधित सुपारी, नस, गुडाखू, विडी, सिगारेट, प्रत्येकाला वेगळी ओळ. कधी घेतला, गेल्या ३० दिवसांत किती दिवस, कुठून मिळाला. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे ‘कुठून’ या प्रश्नाचं उत्तर शाळेलाही कामाचं ठरतं. मात्र दुकानाचं नाव लिहून घेऊ नका.

खाण्याचंही तसंच. ‘जंक फूड आठवड्यातून किती वेळा?’ या प्रश्नावर मुलं पिझ्झा-बर्गर मोजतात आणि ‘कधी कधी’ म्हणतात. रोज मधल्या सुट्टीत खाल्लेला आलूबोंडा, पाच रुपयांचं चिप्सचं पाकीट, शाळेच्या कोपऱ्यावरचे तर्री-पोहे त्यात येत नाहीत. पदार्थांची यादी करण्याआधी एक दिवस शाळेच्या फाटकाशी उभे राहा आणि मुलं काय विकत घेतात ते टिपून घ्या. हालचालीच्या प्रश्नात ‘व्यायाम’ हा शब्द टाळा. सायकलने शाळेत येणं, पाणी भरणं, गल्लीतलं क्रिकेट, नाचाचा सराव, सगळं विचारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वयात रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोराची हालचाल हवी. ती मिनिटं यातूनच गोळा होतात.

मराठीत आणलेले प्रश्न दुसऱ्या माणसाकडून परत मूळ भाषेत करून घ्या आणि ताडून बघा. मग ज्या शाळा नमुन्यात नाहीत अशा शाळेतल्या पंधरा-वीस मुलांकडून, हो, मंजुरी आल्यानंतरच, भरून घ्या. प्रत्येक प्रश्नावर विचारा, ‘यातून तुला काय समजलं?’

आता दोन अवघड जागा.

पहिली उदासपणाची. स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, हा प्रश्न बऱ्याच तयार प्रश्नावल्यांत असतो. फॉर्म निनावी असेल आणि एखाद्या मुलीने ‘जवळजवळ रोज’ यावर खूण केली, तर ती कोण हे तुम्हाला कधीच कळणार नाही. फॉर्म नावाशी जोडलेला असेल तर तो त्याच दिवशी, शाळा सुटण्याआधी वाचला गेलाच पाहिजे आणि समुपदेशक जवळ हवा. त्याच दिवशी वाचणं आणि समुपदेशक, यांतलं एकही जमत नसेल तर हा प्रश्न विचारू नका.

दुसरी लैंगिक छळाची. पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती कळली तर पोलिसांना किंवा बाल पोलिस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. ‘तुझं उत्तर कुणालाही सांगणार नाही’ असं वचन देऊन हा प्रश्न विचारणं म्हणजे मुलाला फसवणं आहे. गुप्ततेची मर्यादा संमतीपत्रातच लिहा.

*सावधान : प्रश्नावली भरताना शिक्षक वर्गात नसावेत. मुख्याध्यापकांशी हे आधीच बोलून ठेवा, ऐनवेळी सांगितलं तर त्यांना अपमान वाटतो.*

टप्पा ७ : साधनं आणि माणसं

वजनकाटा डिजिटल, १०० ग्रॅमपर्यंत दाखवणारा. रोज सकाळी माहीत असलेल्या वजनाने तपासा, २० किलोचं प्रमाणित वजन असेल तर उत्तम. उंचीसाठी स्टॅडिओमीटर. भिंतीला चिकटवलेली टेप नको, शाळेच्या भिंती आणि फरशा सरळ नसतात. रक्तदाबाचे तीन तरी मापांचे कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचे पट्टे. हिमोग्लोबिनच्या पट्ट्या किंवा क्युव्हेट (रक्ताचा थेंब घ्यायच्या छोट्या कुप्या) डब्यावर लिहिलेल्या तापमानातच ठेवा, दुपारी बंद गाडीत ठेवलेला डबा वापरू नका. वापरलेल्या सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात आणि रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. दोन्ही परत आणायचे, शाळेच्या कचऱ्यात काहीही टाकायचं नाही.

मोजणारे दोघे असतील तर दोघांनी तीच दहा मुलं वेगवेगळी मोजावीत, आणि एकाने दुसऱ्याचे आकडे बघू नयेत. उंचीत अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक वारंवार येत असेल तर अजून सराव हवा. मुलींना मोजायला मुली.

टप्पा ८ : शाळेतला दिवस

क्रम असा ठेवा : यादी आणि संमती, प्रश्नावली, रक्तदाब, उंची-वजन-कंबर, सगळ्यात शेवटी बोटाला टोचणं. क्रम उलटा केला की रक्तदाब फुगतो. पुढच्याच्या बोटातून रक्त येताना बघून रांगेतल्या मुलाचं काळीज धडधडत असतं.

*रक्तदाब.* पीटीच्या तासानंतर लगेच नको. अर्ध्या तासात चहा-कॉफी नको. लघवीला जाऊन यायला सांगा. मग पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर. शाळेच्या बाकावर लहान मुलांचे पाय लोंबकळतात, म्हणून पायाखाली ठेवायला पाट किंवा चौरंग सोबत न्या. उजवा हात टेबलावर, हृदयाच्या पातळीला. कफच्या आतल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या निदान ४० टक्के आणि लांबी ८० ते १०० टक्के हवी. कफ लहान पडला तर आकडा खोटाच जास्त येतो, आणि जाडजूड मुलांच्याच बाबतीत हे होतं. म्हणजे लठ्ठपणा आणि रक्तदाबाचं नातं तुमच्या कफनेच तयार केलेलं असू शकतं. बाही गुंडाळून घट्ट झाली असेल तर ती काढायला सांगा, त्यासाठी आडोसा लागतो. एकेका मिनिटाच्या अंतराने तीन नोंदी घ्या, पहिली सोडून शेवटच्या दोनची सरासरी धरा. मोजताना बोलायचं नाही, मुलानेही नाही आणि तुम्हीही नाही.

*उंची आणि वजन.* बूट-मोजे काढून, खिसे रिकामे करून. टाचा, नितंब, पाठ टेकलेली, नजर समोर. मुलींच्या वेण्या आणि अंबाडे सैल करायला लागतील. त्यासाठी आरसा आणि रबर ठेवा, म्हणजे त्या कुरकुर करत नाहीत. आकडा मोठ्याने म्हणू नका. लिहिणाऱ्याला कागदावर दाखवा. “बासष्ट!” अशी एक आरोळी त्या मुलीला पुढची दोन वर्षं पुरते.

*बोटाचं रक्त.* मधलं किंवा अनामिका, टोकाच्या बाजूला. हात थंड असेल तर चोळून गरम करा. स्पिरिट पूर्ण वाळू द्या. पहिले थेंब पुसून टाका, बोट पिळू नका, पिळलं की पातळ द्रव मिसळतो. बोटातलं रक्त आणि शिरेतलं रक्त यांचे आकडे एकमेकांशी थेट ताडता येत नाहीत. एनएफएचएस-५, म्हणजे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणामध्ये बोटातलं रक्त घेतलं होतं आणि १५ ते १९ वयाच्या मुलींत ॲनिमिया ५९.१ टक्के निघाला. सीएनएनएस, म्हणजे मुलांच्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणामध्ये (२०१६–१८) शिरेतलं रक्त घेतलं होतं आणि १० ते १९ वयाच्या मुलींत तो ४० टक्के होता. वयोगट वेगळे आहेत हे खरं, पण रक्त घेण्याची पद्धतही या फरकामागचं एक कारण मानली जाते. तुमची पद्धत कोणती हे अहवालात ठळक लिहा.

*तपासा : शाळेतून निघण्याआधी प्रत्येक फॉर्म उलटून बघा. रिकामी जागा त्याच वेळी भरता येते, नंतर मूल सापडत नाही.*

टप्पा ९ : त्याच संध्याकाळी

नावांची यादी आणि आकड्यांचे फॉर्म वेगळे करा. झोन, शाळा, वर्ग, अनुक्रमांक असा मिळून सांकेतिक क्रमांक, आणि नावाशी तो जोडणारी वही कुलपात. वर्गाच्या यादीचा फोटो टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं आजच थांबवा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे.

मग उंचीचे शेवटचे अंक मोजा. शंभर मुलांत शून्यावर संपणारे साधारण दहा हवेत. तीस असतील तर कुणीतरी १४४.७ ला १४५.० लिहितंय. त्याच रात्री फोन करून सांगा. जन्मतारखाही बघून घ्या, १ जूनची गर्दी दिसली तर शाळेचं रजिस्टर जन्म दाखल्याशी ताडा. वय महिन्यांत चुकलं की पुढचं सगळंच चुकतं.

टप्पा १० : आकड्यांना नाव देणं

मोठ्यांचा बीएमआयचा (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) २५ चा निकष मुलांना लावू नका. ११ वर्षांच्या मुलाचा बीएमआय २१ असेल तर मोठ्यांच्या तक्त्यात तो ठीक दिसतो, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या तक्त्यात तो जास्त वजनात येतो. त्यांचा किंवा भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा २०१५ चा तक्ता, दोन्हीतला एक निवडा, प्रोटोकॉलमध्ये लिहा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

हिमोग्लोबिन ५ ते ११ वयात ११.५, १२ ते १४ मध्ये १२, त्यापुढे मुलींत १२ आणि मुलांत १३ च्या खाली असेल तर ॲनिमिया. ८ च्या खाली तीव्र. रक्तदाबाचे निकष अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०१७ च्या शिफारशींतले घेतले, तर १३ वर्षांपासून पुढे १३०/८० ला पहिली पायरी आणि १४०/९० ला दुसरी. त्याआधीच्या वयात लिंग, वय आणि उंचीनुसार तक्ता बघावा लागतो. आणि एका दिवसाच्या मापाला ‘हायपरटेन्शन’ म्हणायचं नसतं. तीन वेगवेगळ्या भेटींत वाढलेला हवा. एकच भेट झाली असेल तर ‘वाढलेला रक्तदाब आढळला’ एवढंच लिहा.

विश्लेषणात वर्ग आणि शाळा हे गट लक्षात घेणारी पद्धत वापरा. टप्पा ४ मधला डिझाइन इफेक्ट फक्त नमुना मोठा करायला नव्हता.

टप्पा ११ : निकाल घरी पोचवणं

तातडीचे निकाल त्याच दिवशी. हिमोग्लोबिन ८ च्या खाली, रक्तदाब पुन्हा मोजूनही १४०/९० च्या वर, किंवा जिवाला इजा करण्याचे विचार, यासाठी पालकांना फोन. रक्तदाब १८०/१२० च्या वर असेल किंवा सोबत डोकेदुखी, उलट्या, अंधुक दिसणं असेल तर फोनवर थांबू नका, मुलासोबत दवाखान्यात जा.

बाकीचे निकाल बंद पाकिटात, पालकांच्या नावाने. सगळ्या मुलांना सारखंच पाकीट, निकाल चांगला असो की नसो. फक्त ‘कमी आलेल्या’ मुलांना पाकिटं वाटली की वर्गाला लगेच कळतं. चिठ्ठीत आकडा, त्याचा साध्या मराठीतला अर्थ, घरी काय करता येईल, कुठे जायचं, कोणत्या वारी, कुणाला भेटायचं. ‘वजन कमी करा’ असं वाढत्या वयाच्या मुलीला लिहू नका. घरातल्या सगळ्यांसाठी म्हणून लिहा : रात्रीचं जेवण लवकर, गोड पेयं बंद, संध्याकाळी एक तास बाहेर.

सिकलसेलबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण विदर्भात हा रक्ताचा आनुवंशिक आजार घराघरांत ठाऊक आहे आणि त्याची भीतीही. अभ्यासात सिकलसेल घेणार असाल तर एवढं पक्कं ठेवा. सोल्युबिलिटी चाचणी फक्त ‘आहे’ की ‘नाही’ सांगते. मूल वाहक आहे की रुग्ण, हे त्यातून कळत नाही, त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही प्रयोगशाळेतली पक्की चाचणी लागते. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर ही चाचणी खोटी निगेटिव्हही येऊ शकते. त्यामुळे पक्क्या चाचणीआधी कुणालाही, शिक्षकांनाही, काहीच सांगायचं नाही. वाहक मूल आजारी नसतं. ते खेळू शकतं, पळू शकतं, शिकू शकतं. हे आईबापांना समोर बसून, वेळ देऊन सांगायला समुपदेशक हवा. सोयरिकीच्या वेळी मुलीच्या नावापुढे हा शब्द लागतो आणि घर हादरतं, हे मी पाहिलं आहे. शाळेच्या रजिस्टरवर हा निकाल लाल शाईने लिहिलेलाही पाहिला आहे. तो कुणी आणि का लिहिला यापेक्षा महत्त्वाचं हे की आम्ही शाळेकडे यादी दिली म्हणूनच तो लिहिता आला.

आणि हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोह कमीच, असं धरून अख्ख्या वर्गाला जादा गोळ्या सुरू करू नका. सिकलसेलच्या रुग्णाला किंवा थॅलेसेमियाच्या वाहकालाही ते कमी असू शकतं. शाळेतली ठरलेली आठवड्याची गोळी चालू राहू द्या, पुढचं डॉक्टर बघतील.

*सावधान : शाळेला द्यायच्या अहवालात फक्त एकूण टक्केवारी. एखाद्या वर्गात बिघाड असलेली पाचपेक्षा कमी मुलं असतील तर वर्गवार आकडाही देऊ नका, मुलं ओळखू येतात.*

टप्पा १२ : पाठवलेली मुलं पोचली का

हा टप्पा प्रोटोकॉलमध्ये कुणी लिहीत नाही. पाकिटं दिल्यापासून तीन आठवड्यांनी पुढे पाठवलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी फोन करा. गेले का? कुणाला भेटले? काय सांगितलं? न गेलेल्यांची कारणं लिहा : गाडीभाडं, सुट्टी, ‘दिसायला तर ठीक आहे’, चुकीची खोली. ज्यांचा रक्तदाब वाढलेला होता त्यांची दुसरी आणि तिसरी भेट शाळेतच घ्या, बहुतेक मुलं तिथेच सापडतात.

मुलांना पुढची काही वर्षं बघत राहायचं असेल तर आजच दोन फोन नंबर घ्या, एक पालकांचा आणि एक मामा, आत्या किंवा शेजाऱ्यांचा, त्यांच्या परवानगीने. आठवीनंतर शाळा बदलते, घरमालक बदलतो, सिमकार्ड बदलतं. दर सहा महिन्यांनी एक फोन, काहीही न मोजता, नुसती चौकशी म्हणून. अभ्यास सोडायचा असेल तर कुणाला सांगायचं, तेही त्याच फोनवर सांगा. आणि कुलपातली ती वही किती वर्षं ठेवायची, कुणाच्या ताब्यात आणि कधी फाडायची, हे एथिक्स कमिटीला लिहून दिलेलं असतं. तुमचं पीजी संपून तुम्ही दुसऱ्या गावी गेलात तरी ती वही कपाटात तशीच असते. जाण्याआधी किल्ली कुणाच्या हाती दिली, ते लिहून त्यांची सही घ्या.